लाल बादल्यांचा हंगाम

कापसाच्या गाड्या पुन्हा वाहू लागल्या आहेत. तेलंगणातल्या आमच्या बोथच्या चौकातून महामार्गाकडे जाणारा रस्ता सकाळपासून धडधडत असतो. ताडपत्रीच्या कडेतून सुटलेला कापूस दोन्ही बाजूंच्या बाभळींना अडकतो, आणि आठ दिवसांत काटेरी झाडांना पांढरा मोहोर आल्यासारखा दिसतो. परगावचे लोक गाडी थांबवून मोबाईलवर त्याचे फोटो काढतात. मी माझ्या स्टुडिओच्या दारात उभी राहून त्यांच्याकडे पाहते.

ताज्या कापसाला एक वास असतो. धुळीचा, उन्हाचा, थोडासा सरकीच्या तेलाचा. इथल्या माणसांना तो भरल्या घराचा वास वाटतो. मलाही वाटायचा. गेल्या वर्षापासून मात्र त्याच्या मागोमाग दुसरा एक वास येतो, जळक्या कापडाचा. खरं तर तो कुठेही नसतो. शेजारच्या चहावाल्याने पालापाचोळा पेटवला तरी मी दुकानातलं गिऱ्हाईक सोडून बाहेर धावते. परवा एका मास्तरांना कॅमेऱ्यासमोर बसवून अशीच पळाले. परत आले तेव्हा ते मान ताठ करून तसेच बसले होते. म्हणाले, "काय झालं, मॅडम?" मी म्हटलं, "काही नाही."

बावीस वर्षं मी फोटो काढते आहे. हंगाम आला की कॅमेरा आपोआप खांद्याला लागायचा. यंदा अकरा दिवस झाले, बाहेर न्यायच्या त्या कॅमेऱ्याच्या बॅगेची चेन मी उघडलेली नाही.

माझे आजोबा महाराष्ट्राच्या सीमेवरच्या एका गावात सालदार होते. दुसऱ्याच्या शेतात उभा जन्म गेला. त्यांचा एकही फोटो नाही. वडील शिकले, तहसील कचेरीत कारकून झाले. ते म्हणायचे, "आपल्या लोकायचे फोटो दोनदाच निघतात. लग्नात आणि मेल्यावर. मधातलं सारं कोनी पाह्यतच नाही." हे वाक्य मी फार लहानपणी ऐकलं आणि ते कुठेतरी रुतून बसलं.

काकांचा स्टुडिओ होता. हाच, ज्यात मी आज बसते. दाखल्यांसाठी, परीक्षेच्या अर्जांसाठी लोक फोटो काढायला यायचे. निळ्या पडद्यासमोर स्टूल. बसण्याआधी बायका भिंतीवरच्या आरशात पाहून केस चापून बसवायच्या, लेकराच्या कपाळावरचा घाम पदराने टिपायच्या, नवऱ्याच्या शर्टाचं वरचं बटण लावून द्यायच्या. मग स्टुलावर बसायच्या आणि चेहरा एकदम दगडाचा व्हायचा. काका म्हणायचे, "बसल्यावर काढ." मला बसण्याआधीचं काढायचं होतं.

पुढे एकदा हैदराबादला फोटोचा कागद आणायला गेले असताना एका हॉलमध्ये परदेशी फोटोंचं प्रदर्शन लागलेलं दिसलं. आत शिरले. आयर्लंड नावाच्या देशातल्या खेड्यांचे फोटो होते. काढणाऱ्याने म्हणे जन्मभर एवढंच केलं होतं. पावसात बसची वाट पाहणाऱ्या तिघी बायका. मोटारीच्या मागच्या सीटवर बसलेली मेंढी. दुकानाच्या काउंटरवर कोपर टेकून गप्पा हाणणारे दोन म्हातारे. खालचं इंग्रजी मी वाचलं नाही. त्या बस थांब्यावरच्या बायकांपैकी मधली, तिने डोक्यावरचा रुमाल असा काही पुढे ओढला होता की ती बोथच्या बाजारातलीच वाटली. परतीच्या बसमध्ये मी खिडकीला डोकं टेकून बसले होते, आणि आपण काय करायचं ते मला कळलं होतं.

मग मी तेच केलं. मंडळाच्या, म्हणजे तालुक्याच्या, कचेरीच्या व्हरांड्यात सही होण्याची वाट पाहणारे लोक. प्राणहिता नदीवर, बेज्जूरच्या बाजूला, होडीत शेळीचे कान धरून बसलेली म्हातारी. भैंसा गावच्या बाजारात बैलाच्या शिंगाला अडकवलेली भाजीची पिशवी. लग्नांवर पोट चालवायचं आणि उरलेल्या दिवसांत हे. एका संपादकांना माझा गठ्ठा दाखवला तर ते म्हणाले, "छान आहे हो सगळं, पण यांत घडत काहीच नाही." मी ते कौतुक समजून घरी आले.

गेल्या वर्षी पहिल्यांदा माझ्या फोटोंत काही घडलं.

मला एका हंगामात कापसाचा सगळा प्रवास टिपायचा होता. शेतातली वेचणी झाली आणि मी जिनिंगमध्ये, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, शिरले. ती कोणती, कुणाची, ते सांगत नाही. आमच्या बाजूला आत कॅमेरा नेऊ देत नाहीत, पण रुखमाबाईंनी शब्द टाकला. रुखमाबाई म्हणजे कचरा निवडणाऱ्या बायकांची मुकादम. साठीला टेकलेली, आवाज असा की मशीनच्या घरघरीवरून पलीकडे जायचा. मॅनेजरला त्या म्हणाल्या, "आपलीच पोरगी हाये. येऊ द्या तिले." तिथून पुढे पंधरा दिवस मी त्यांच्यात होते. त्यांची सून नीला त्यांच्या शेजारीच बसायची. चोवीस-पंचवीसची, कमी बोलणारी. आणि पोशट्टी नावाचा तेलुगू माणूस होता, जो कापसाच्या गंजीतून कापूस ओढून मशीनच्या पाईपच्या तोंडाशी लोटायचा. पाईप हवेच्या जोराने तो आत खेचायचा, पुढे सरकी वेगळी, रुई वेगळी.

त्या दिवशीचे फोटो मला क्रमाने पाठ आहेत.

सकाळी गेटवर आगपेट्यांचा फोटो काढला. आत जाताना पुरुषांच्या आगपेट्या काढून घेत आणि गेटवरच्या एका फळीवर मांडून ठेवत. आपापली ओळखू यावी म्हणून प्रत्येकाने खूण केलेली. एकीवर पेनाने चांदणी, एकीला रबर, पोशट्टीच्या पेटीला लाल दोरा गुंडाळलेला. ओळीने मांडलेल्या त्या पेट्या शाळेच्या प्रार्थनेला उभ्या राहिलेल्या मुलांसारख्या दिसत होत्या.

दुपारी बारानंतर पोशट्टीचा फोटो. कमरेइतक्या कापसात उभा, तोंडाला फडकं, कानामागे न पेटवलेली बिडी. सवयीप्रमाणे मी कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर बायकांना तो दाखवला. त्या हसल्या. "पाह्य पाह्य, कापसातला नवरदेव!" पोशट्टीही हसला.

आणि त्यानंतर बादल्यांचा.

आतल्या भिंतीवर लाल रंगाच्या बादल्या टांगलेल्या होत्या. आग लागली तर वाळू टाकण्यासाठी असतात त्या. खाली जेवणाचे डबे ठेवले तर मुंग्या लागतात, उंदीर येतात, म्हणून बायका आपापले डबे त्या बादल्यांत ठेवायच्या. कुणाचा हिरव्या फडक्यात बांधलेला, कुणाचा पिवळ्या, एकीतून पाण्याच्या बाटलीचं तोंड वर आलेलं. छतातल्या एका फुटक्या पत्र्यातून उन्हाची तिरीप आत येत होती, तिच्यात रुईचे तंतू तरंगत होते, आणि ती नेमकी त्या लाल ओळीवर पडली होती. मी श्वास रोखून तीन-चार फ्रेम घेतल्या. मनात आलं, या हंगामातला हाच फोटो. कधी प्रदर्शन झालं तर दारात लावायचा तो हाच.

जेवणाच्या सुट्टीला अर्धा तास होता. पाईपमध्ये खडखड आवाज झाला, दगड किंवा खिळा आत गेल्यासारखा. पोशट्टीने मान वळवली. मीही वळवली. काही दिसलं नाही. कापूस आधी भडकत नाही, तो आतून लाल होतो. मग गंजीच्या अंगावरून एक पिवळी लहर गेली, गवतावरून वारा जावा तशी, आवाज न करता. पोशट्टी ओरडला, "मंटा! मंटा!" आग म्हणायला तेवढाच एक शब्द त्याला सुचला, आणि तो त्याच्या आईच्या भाषेतला होता. पण सगळ्यांना कळला.

बायका भिंतीकडे धावल्या. ज्यांनी कुणी त्यांना कधी शिकवलं असेल, ते त्या विसरल्या नव्हत्या. आग लागली की लाल बादली. रुखमाबाईंनी पहिली बादली हुकावरून ओढली आणि गंजीकडे उलटी केली. डबा पडला, झाकण उडालं, ज्वारीच्या दोन भाकरी घरंगळत कापसात गेल्या. दुसरीने बादली उलटी केली. डबाच पडला. तिसरीने. वाळूचा कण नव्हता. रुखमाबाई रिकामी बादली हातात धरून तिच्यात पाहत उभ्या राहिल्या, जणू नीट पाहिलं तर खाली कुठे वाळू सापडेल. त्यांच्या पदराने पेट घेतला हे त्यांना कळलंच नाही.

नीलाने पाहिलं. तिने धावत जाऊन तो पदर दोन्ही हातांनी चुरगाळला, विझेपर्यंत सोडला नाही. ती साडी नायलॉनची होती. ती विझते तेव्हा हातांना चिकटते.

मी काय करत होते ते मला नीट आठवत नाही. पोशट्टीने मागच्या दाराचं शटर वर ढकललं आणि आम्ही दोघांनी बायकांना हाताला धरधरून बाहेर लोटलं एवढं आठवतं. नंतर कार्डवर तीन फोटो निघाले, वेडेवाकडे, फरशीचे. माझं बोट पळतापळता आपलं काम करत राहिलं होतं. त्या फोटोंची मला आजही लाज वाटते, का ते सांगता येत नाही.

कुणाचा जीव गेला नाही. बंब आला, गंजी संध्याकाळपर्यंत धुमसत राहिली. नीलाला आदिलाबादच्या सरकारी दवाखान्यात नेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅनेजर माझ्या स्टुडिओत आला. खुर्चीवर बसला, पाणी मागितलं, प्यायला नाही. "मॅडम, एकच फोटो पाहिजे. तो कानामागे बिडीवाला, बायकांना दाखवलेला. बाकीचे तुमचे तुमच्याकडे राहू द्या."

"कशाला?"

"चौकशी लागली आहे. जिल्ह्याहून साहेब येऊन राह्यले. सगळ्यांना कळू तर द्या, आग कशानं लागली."

"बिडी पेटलेली नाही त्यात."

"ते साहेब पाहतील ना." तो उठला. "नीलाचा सगळा दवाखाना शेठ करणार आहेत. मोठ्या शहरात नेणार आहेत. पण मग हे लवकर मिटलं पाहिजे. समजून घ्या."

दुपारी पोशट्टी आला. आत नाही आला, उंबऱ्याबाहेर चपला काढून उभा राहिला. मी ये म्हटलं तरी नाही. त्याला कामावर येऊ नको म्हणून सांगितलं होतं. बराच वेळ तो निळ्या पडद्याकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "मेडम, बिडी होती. आगपेटी गेटवर होती." आणि मराठी पुरेना तेव्हा तेलुगूत, हळू, "नेनु अंटिंचले." मी नाही पेटवलं. एवढं सांगून त्याने चपला घातल्या. फोटोबद्दल तो एक शब्द बोलला नाही. मागितलं असतं तर मला सोपं गेलं असतं.

रुखमाबाई तिसऱ्या दिवशी आल्या, दवाखान्यातून थेट. साडी तीच होती, फक्त जळका पदर कापून टाकलेला. मी खुर्ची दिली तर त्या जमिनीवर बसल्या. मीही खाली बसले.

"देऊन टाक तो फोटो, पोरी."

"मावशी, पोशट्टीनं आग नाही लावली. तुमाले माहीत आहे."

"मले मालूम हाये. मी तिथंच होती." त्यांचा तो मोठा आवाज आत कुठेतरी अडकला होता. "पन माह्या सुनेचे हात पाह्यले काय तू? डॉक्टर म्हनते बोटं चिकटतीन. शेठ तिले नागपूरले नेतो म्हनते. पोशट्टीले काय होईन? चार दिवस आत बसंन, सुटंन. हात त काई परत येत नाई."

"आणि बादल्यांचा फोटो आहे माझ्याजवळ. तुमचे डबे दिसतात त्यात. वाळू नव्हती ते दिसतं."

त्या एकदम माझ्याकडे वळल्या. "तो नको दाखवू. बिलकुल नको. तो दाखवशील त जिन बंद करतीन. भर हंगामात. पन्नास बाया घरी बसतीन. त्याइनं काय खावं?" मग माझा हात धरून म्हणाल्या, "एक दाखव, एक झाक. तुले काऊन जड चाललं?"

का जड चाललं होतं, हा प्रश्न खराच होता. बावीस वर्षं मी दुसरं काय केलं होतं? शंभरातला एक दाखवायचा, नव्व्याण्णव झाकायचे. यालाच तर लोक कला म्हणत होते. त्या दोन दिवसांत मी बिडीचा फोटो मोठा करून करून पाहिला. बिडीचं टोक कोरं होतं, पण फोटो छोटा छापला तर ते दिसणार नव्हतं. बादल्यांचा फोटो उघडायची मात्र हिंमत होत नव्हती. उघडला की आधी तो सुंदर दिसायचा. मग मला स्वतःचाच राग यायचा.

वडील आता घरीच असतात, कमी ऐकू येतं. मी त्यांच्या कानाशी सगळं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "कचेरीत मी जन्मभर फायली सांभाळल्या. फायलीतून एक कागद काढून घेतला ना, की उरलेली फाईल खोटं बोलायले लागते. मंग तो कागद चांगल्यासाठी काढला का वाईटासाठी, सारखंच."

मी त्या दिवशीचे सगळे फोटो, गेटवरच्या पहिल्या फोटोपासून फरशीच्या शेवटच्या तीन फोटोंपर्यंत, एकही न वगळता, वेळेच्या क्रमाने लॅपटॉपमध्ये भरले आणि चौकशीला घेऊन गेले.

कचेरीतली खोली लहान होती. पंखा होता, पण कागद उडतील म्हणून बंद ठेवलेला. एका बाजूला मॅनेजर, भिंतीला टेकून पोशट्टी, दारात रुखमाबाई आणि चार बायका. साहेब तेलुगू, वयस्क, चष्मा कपाळावर सरकवून पडद्याच्या अगदी जवळ जाऊन पाहणारे. एक एक फोटो ते पाहत होते. घाई नाही.

आगपेट्यांचा फोटो आला. साहेबांनी पोशट्टीला विचारलं, त्याने पुढे होऊन लाल दोऱ्यावर बोट ठेवलं. मॅनेजर म्हणाला, "दुसरी असेल खिशात." साहेबांनी फोटो पुढे सरकवला. बिडीचा फोटो आला, तो त्यांनी मोठा केला, बिडीचं टोक पाहिलं, पुढे गेले. मग बादल्या आल्या.

त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. बायकांपैकी कुणीतरी हलकेच "माय वो" म्हणालं. साहेबांनी फोटोखालची वेळ वाचली, घड्याळाकडे पाहिलं, जसं काही अजूनही वेळ असावा. मग माझ्याकडे वळून हैदराबादी हिंदीत, अगदी शांतपणे म्हणाले, "ये तो आग के पहले का है ना, मेडम? बाल्टियों में रेती नहीं थी, आप देखे ना? फिर बोले क्यों नहीं?"

मी तयारी करून गेले होते. कोण काय म्हणेल, मॅनेजर काय आरोप करेल, रुखमाबाई काय बोलतील, सगळ्याची. या प्रश्नाची नव्हती. कॅमेरा माझा, डोळा माझा, त्या भिंतीसमोर मी पाच मिनिटं उभी होते. त्या जिनमध्ये त्या दिवशी त्या बादल्यांकडे माझ्याइतकं निरखून कुणीच पाहिलं नव्हतं.

"मला डबे दिसले," मी म्हणाले.

साहेबांनी मान खाली घालून कागदावर काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते मला कधी कळलं नाही.

पोशट्टीवर ठपका आला नाही. मशीनमधल्या ठिणगीने आग लागली असं ठरलं. वाळू, पाणी, सगळा बंदोबस्त होईपर्यंत जिन बंद ठेवायचा हुकूम निघाला. बाहेर पडताना पोशट्टीने मला दुरूनच दोन्ही हात जोडले. रुखमाबाई माझ्या अंगावरून गेल्या, पण मी तिथे नसल्यासारख्या.

शेठचं नागपूर पुढे निघालंच नाही. जिन महिनाभर बंद राहिली, हंगामातला ऐन भरातला महिना. बायका पहाटेच गाड्यांत दाटीवाटीने उभ्या राहून दूरच्या शेतांत वेचणीला जाऊ लागल्या. माझ्या दुकानावरून त्या गाड्या जायच्या. कुणी हात करायचं नाही.

मी एक दिवसाआड आदिलाबादला जायचे. डबा न्यायचे. रुखमाबाई तो घ्यायच्या, रिकामा परत द्यायच्या, मध्ये शब्द नाही. नीलाला त्याच भरवायच्या. त्यांच्यासाठी जिने हात जाळून घेतले तिच्या तोंडात त्या घास द्यायच्या, आणि प्रत्येक घासाला त्यांची मान जरा खाली जायची.

एकदा रुखमाबाई औषध आणायला गेल्या होत्या. नीला म्हणाली, "ताई, त्या दिवशीचे फोटो हायेत काय तुमच्यापाशी?"

"आहेत. कशाला पाहतेस?"

"दाखवा ना."

फोन तिच्यासमोर धरून मी एक एक सरकवत गेले. तिचे पट्टीत गुंडाळलेले हात उशीवर ठेवलेले होते. गेट, पेट्या, पोशट्टी. ती बारीक हसली. बादल्या. मग एक फोटो आला जो मी स्वतःही धड पाहिला नव्हता. कापसातून पत्तीचा कचरा वेचणारे दोन हात, जवळून, चेहरा नाही. सावळी, लांब बोटं, उजव्या अंगठ्याच्या नखाला उरलेली मेंदी. बोटांच्या चिमटीत वाळक्या पानाचा एवढासा तुकडा, इतका हलका धरलेला की कापसालाही कळू नये.

माझं बोट थांबलं. खोलीत कुणीतरी खोकलं. मला वाटलं आता ती रडेल, किंवा फोन ढकलून देईल, पण ढकलणार कशाने?

नीला त्या हातांकडे बघत राहिली. ओळखीची पण बऱ्याच दिवसांत न भेटलेली बाई पाहावी तशी.

"पुढचा दाखवा," ती म्हणाली.

जिन पुन्हा सुरू झाली त्या सकाळी मी गेटसमोर गेले होते. कॅमेरा गळ्यात होता. फोटो काढायचा की माफी मागायची, नक्की ठरलं नव्हतं. भिंतीवर नव्या बादल्या आहेत, वाळूने भरलेल्या, असं कुणीतरी सांगितलं होतं. बायका गाड्यांमधून उतरल्या. मला पाहिल्यावर पहिलीने पदर नाकावरून ओढून चेहरा झाकला. तिच्या मागच्या बाईनेही झाकला. मग एकीमागून एक, न बोलता, जणू गेटचाच नियम असावा तसं. रुखमाबाई सगळ्यांत शेवटी होत्या. त्यांनीही झाकला. पंधरा दिवस ज्यांच्या ताटातलं मी खाल्लं त्यांतला एकही चेहरा मला त्या दिवशी दिसला नाही. मी कॅमेरा उचलला नाही. उचलला असता तर तो माझ्या आयुष्यातला सगळ्यात जबरदस्त फोटो झाला असता, आणि हे त्या क्षणीही माझ्या मनात आलं. हेच माझं दुखणं आहे.

हैदराबादच्या एका संस्थेने नंतर विचारलं, कापसाचं प्रदर्शन करता का. बादल्यांचा फोटो त्यांना कुठून तरी कळला होता, तो पहिला हवा होता. मी नाही म्हटलं. त्यांना वाटलं मी अटी घालते आहे. लोक म्हणतात त्या फोटोने एका माणसाला वाचवलं. खरं आहे. त्याने पन्नास बायकांचा महिना घेतला, तेही खरं. आणि तो काढणारीने बादलीत हात घालून पाहिला असता तर कदाचित कशाचीच गरज पडली नसती. यातलं एकच खरं निवडून भिंतीवर लावायचं मला जमेना.

काल सकाळी दुकान उघडलं तर दारात पोशट्टी उभा. या वर्षी तो आत आला. "मेडम, जिनकडे येत नाही काय? नीला आली कामावर." एवढंच सांगून गेला.

मी दुपारी गेले. गेटवरच्या माणसाने ओळखलं, अडवलं नाही. आतल्या उजेडात डोळे स्थिरावायला वेळ लागला. बायका गोल करून बसल्या होत्या. मला पाहून बोलणं थांबलं. पदर कुणी ओढला नाही, पण कुणी ये असंही म्हणालं नाही. रुखमाबाई जरा वाकल्यासारख्या दिसत होत्या. त्यांनी माझ्या खांद्यावरच्या बॅगेकडे पाहिलं.

"काय पाह्यजे?"

"नीलाचा फोटो काढू का, विचारायला आले."

"मले काऊन इचारते? तिचे हात, तिचा फोटो. तिले इचार."

नीला पोत्यावर बसली होती. तिची बोटं पूर्ण मिटत नव्हती. ती आता चिमटीने कचरा वेचत नव्हती. तळहाताच्या कडेने कापूस पसरायची, आणि दोन ताठ बोटांमध्ये पान पकडून बाजूला टाकायची. सावकाश, पण थांबत नव्हती. मी तिच्यासमोर उकिडवी बसले. मशीनची घरघर चालू होती. सगळ्या ऐकत होत्या.

"नीला, काढू का एक?"

तिने विचार केला. घाई केली नाही. मला वाटलं, ती नाही म्हणाली तर मी उठून घरी जाईन आणि बॅग काकांच्या कपाटात वर ठेवून देईन.

"नाई," ती म्हणाली.

मी मान हलवली आणि उठायला लागले.

नीलाने अंग सरकवलं, पोत्याचा अर्धा भाग मोकळा केला, आणि ताठ बोटांनी कापसाचा एक ढीग माझ्या बाजूला लोटला.

"फोटो नाई म्हनलं," ती म्हणाली. "बसा."

मी बसले.